दोन विमान कंपन्या एक झाल्या, आता वैमानिकांच्या सिनिऑरिटी लिस्टचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चोवीस वर्षं प्रवासी विमान चालवते आहे आणि नेरूळला राहते. माझ्या नोकरीत एकदा कंपनीचं विलीनीकरण झालं, तेव्हा मी विकत घेतल्या गेलेल्या लहान कंपनीच्या बाजूला होते. नंतर वैमानिकांच्या वतीने जोडयादी, म्हणजे दोन्ही कंपन्यांच्या वैमानिकांची एकत्र केलेली यादी, तपासणाऱ्या समितीत दोन वर्षं बसले. त्या कंपन्यांची नावं इथे देत नाही. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या सोसायटीत भाड्याने घर बघायला येणारे तरुण वैमानिक वाढलेत, ठाण्याहून ओळखीचे लोकही फोन करतात, आणि विलीनीकरणाची नुसती कुजबुज सुरू झाली की प्रश्न तेच असतात. म्हणून एकदा नीट लिहून काढलं.

सिनिऑरिटी नंबर म्हणजे नेमकं काय?

कंपनीतल्या सगळ्या वैमानिकांची एक यादी असते. सर्वांत जुना पहिला, काल लागलेला शेवटचा. कमांडसाठी, म्हणजे फर्स्ट ऑफिसरचा (सहवैमानिकाचा) कॅप्टन होण्यासाठी, कुणाला आधी बोलवायचं, मोठ्या विमानावर कुणाला पाठवायचं, मुंबई बेस (ड्यूटी जिथून सुरू होते ते ठिकाण) कुणाला आणि दिल्ली कुणाला, मंदी आली तर आधी घरी कुणी बसायचं, हे सगळं या यादीवरून ठरतं. तास, परीक्षा, सिम्युलेटरमधली कामगिरी हे पाहिलं जातंच, पण पात्र माणसं दहा आणि जागा तीन असल्या की शेवटी नंबरच बोलतो.

आपल्याकडे महिन्याचं रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, प्रत्येक कंपनीत नंबरवर चालतंच असं नाही. अमेरिकेत मात्र जवळजवळ सगळं नंबरवरच चालतं. म्हणून तिकडचे किस्से ऐकून इथे घाबरायचं नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही. आधी आपल्या कंपनीत नंबरवर काय काय ठरतं, ते लिहून काढायचं.

नंबर खाली गेला म्हणजे पगार कमी होतो का?

हा प्रश्न मला सर्वांत आधी माझ्या सासूबाईंनी विचारला होता. उत्तर असं, की त्या महिन्याचा पगार कमी होत नाही. पण फर्स्ट ऑफिसरच्या आणि कॅप्टनच्या पगारात मोठी तफावत असते. कमांड तीन वर्षं पुढे गेली, तर त्या तफावतीची तीन वर्षं हातातून जातात, आणि निवृत्तीचं वय काही पुढे सरकत नाही. घराचा हप्ता मात्र कमांड धरून ठरवलेला असतो.

मग लोक एवढे चिडतात ते पैशासाठीच ना?

पैशासाठी चिडतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मी जे पाहिलं ते पैशापेक्षा खोल होतं.

नव्या नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती सगळ्या वैमानिकांना सारखीच, ४८ तासांची मिळते. ती मंगळवार-बुधवारी मिळणार की शनिवार-रविवारी, गणपतीत रजा लागणार की नाही, पहाटे अडीचला गाडी खाली उभी राहणार की सकाळी नऊला, हे नियमात नसतं. आमच्या कंपनीत सणाची रजा नंबरवर मिळायची. विलीनीकरणाआधी मला सलग पाच वर्षं गणपतीत घरी राहता आलं होतं. नंतरची सात वर्षं एकदाही नाही. मुलगा पाचवीत होता तेव्हा आरतीला झांजा वाजवायचा आणि मी बारावा मजला सोडून खाली गाडीकडे निघालेली असायचे. लिफ्टमध्ये सुद्धा झांजा ऐकू यायच्या. हे नंबरचं खरं मोल आहे, आणि ते कुठल्याच वेतनकरारात लिहिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वैमानिकाला हा नंबर सोबत नेता येत नाही. इंजिनीअर किंवा डॉक्टर नोकरी बदलतो तेव्हा अनुभवासकट वर जातो. आम्ही कंपनी बदलली की तिथल्या यादीत शेवटचे. वीस वर्षं एका कंपनीत काढलेल्या माणसाची सगळी कमाई त्या एका आकड्यात असते. तो आकडा दुसऱ्या कुणी टेबलावर बसून बदलला, की माणूस हादरतोच.

माझा नंबर २१२ वरून ८७१ झाला. मी बुडालो का?

हे आकडे माझेच आहेत. यादी रात्री साडेअकराला आली. मी गॅलरीत उभी राहून मोबाइलवर माझा एम्प्लॉयी नंबर शोधत होते. पहिल्या दोनशेत नाही, चारशेत नाही, सहाशेत नाही. ८७१ दिसल्यावर मी तिथेच खाली बसले.

सकाळी नवऱ्याने कॅल्क्युलेटर काढला. आमच्या कंपनीत ४०० वैमानिक होते. ४०० मध्ये २१२ म्हणजे ५३ टक्क्यांवर. दोन्ही मिळून १६०० झाले. १६०० मध्ये ८७१ म्हणजे साडेचोपन्न टक्के. म्हणजे मी दीड टक्का खाली आले होते. साडेसहाशे माणसं माझ्यापुढे घुसली असं रात्रभर वाटत राहिलं, पण माझ्या मागेही जवळजवळ साडेपाचशेंची भर पडली होती, हे लक्षात आलं नव्हतं.

म्हणून पहिलं काम टक्का काढायचा. आणि दुसरं काम, जे बहुतेक जण करत नाहीत, ते म्हणजे आपल्या वरच्या लोकांची वयं बघायची. माझ्या जुन्या कंपनीत सगळेच पस्तिशी-चाळिशीतले. वरचं कुणी निवृत्त होणारच नव्हतं, म्हणजे मी त्या ५३ टक्क्यांवर वर्षानुवर्षं बसून राहिले असते. मोठ्या कंपनीत वरची फळी साठीकडे झुकलेली. पुढच्या दहा वर्षांत शेकडो जागा मोकळ्या होणार होत्या, आणि त्यांतल्या काही आता माझ्या वाट्याला येणार होत्या.

त्या जागांची वाट मोठ्या कंपनीतले तरुण फर्स्ट ऑफिसर दहा-दहा वर्षं पाहत होते. माझी फ्लाइंग स्कूलपासूनची मैत्रीण त्यांच्यातच होती. ती मला म्हणाली, "तुझा दीड टक्का गेला, माझी रांग गेली." मला तेव्हा राग आला. आज मी सांगते, तिचा हिशोब बरोबर होता. माझाही बरोबर होता. जोडयादीच्या भांडणात बहुधा असंच असतं, दोन्ही वह्या खऱ्या असतात.

दोन याद्या जोडतात तरी कशा?

मी समितीत होते तेव्हा घरी जेवणाच्या टेबलावर मुलाच्या चित्रकलेच्या वहीतल्या कागदाच्या चिठ्ठ्या करून हे समजून घेतलं. तुम्हीही करून बघा, डोक्यात पक्कं बसतं.

थोरल्या कंपनीच्या सहा चिठ्ठ्या निळ्या पेनाने लिहा. १९९८, २००१ आणि २००४ ला लागलेले तिघे कॅप्टन, आणि २००८, २०१२, २०१५ ला लागलेले तिघे फर्स्ट ऑफिसर. धाकट्या कंपनीच्या तीन चिठ्ठ्या लाल पेनाने. ती कंपनीच २०१० ला सुरू झालेली, भराभर वाढलेली. २०१० आणि २०१३ चे दोघे कॅप्टन, २०१९ चा एक फर्स्ट ऑफिसर.

आता फक्त जॉइनिंगच्या तारखेने लावा. लाल २०१० चा कॅप्टन पाचव्या जागी जातो, निळ्या २००८ च्या फर्स्ट ऑफिसरच्या खाली. खांद्यावर चार पट्ट्या असलेला माणूस तीन पट्ट्यांच्या मागे. २०१३ चा कॅप्टन सातवा. धाकट्या कंपनीतले लोक म्हणतात, "आम्ही कॅप्टन म्हणून हजारो तास उडलो ते काय झालं?"

चिठ्ठ्या गोळा करा आणि पदाच्या प्रमाणात लावा. कॅप्टन तीनास दोन आहेत, म्हणून निळा, लाल, निळा, लाल, निळा, पॅंटची चेन ओढल्यावर दात एकात एक बसतात तसे. आता २०१३ चा लाल कॅप्टन २००४ च्या निळ्या कॅप्टनच्या वर बसला. थोरल्या कंपनीतले लोक म्हणतात, "आमच्या नऊ वर्षांचं काय?"

तिसरी पद्धत सर्वांत क्रूर आहे, सगळ्या लाल चिठ्ठ्या निळ्यांच्या खाली ठेवायच्या. इंग्रजीत तिला स्टेपल म्हणतात. आमच्यात लोक सरळ "शेपटीला बांधलं" म्हणायचे. विकत घेणाऱ्या कंपनीतल्या काही लोकांना ही पद्धत स्वाभाविक वाटते, कारण "आम्ही तुम्हाला बुडताना वाचवलं". ज्याने हे ऐकून घेतलंय त्याला विचारा कसं वाटतं. कंपनी त्याने बुडवली नव्हती, ताळेबंद त्याने लिहिला नव्हता.

चौथी मिश्र. नोकरीची वर्षं आणि पद, दोघांना वजन देऊन प्रत्येकाचे गुण काढायचे आणि गुणांवर यादी लावायची. वजन किती हे ठरवताना पुन्हा तेच भांडण, पण निदान ते आकड्यांवर होतं, माणसांवर नाही.

यांतली न्याय्य पद्धत कोणती?

माझं मत मिश्र पद्धतीकडे झुकतं. पण त्याहून मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी नियम ठरवायचा, तो सगळ्यांना दाखवायचा, मग यादी काढायची. आमच्याकडे उलट झालं. आधी यादी आली, मग नियम कळला, आणि मग प्रत्येकाने आपला नंबर बघून नियम चांगला की वाईट ते ठरवलं. ज्यांचा नंबर वाढला तेही खूश नव्हते, कारण कशामुळे वाढला ते त्यांना सांगता येत नव्हतं. वाईट नंबर माणूस सोसतो, फक्त तो कसा मोजला हे त्याला स्वतः पडताळून पाहता आलं पाहिजे.

यादी एकदा जोडली की वरचा माणूस माझी खुर्ची काढून घेऊ शकतो का?

चांगल्या करारात ते होत नाही. बसलेल्याला उठवायचं नाही, अशी अट असते. म्हणजे तुम्ही आज मुंबईत कॅप्टन असाल आणि जोडयादीत तुमच्या वर एखादा फर्स्ट ऑफिसर आला, तरी तो तुमची जागा घेत नाही. पुढची जागा निघाली की पहिला हक्क त्याचा.

दुसरी अट कुंपणाची. थोरल्या कंपनीची मोठी विमानं काही वर्षं थोरल्याच लोकांकडे राहतील, धाकट्यांचा अमुक बेस त्यांच्याकडे राहील, असं ठरवायचं आणि मुदत संपली की कुंपण काढायचं. कुंपण हे औषधासारखं आहे, किती दिवस ते आधी लिहून घ्या. मुदत नसलेलं कुंपण म्हणजे दोन कंपन्या एका रंगात रंगवलेल्या.

भारतात यासाठी कायदा आहे का?

वैमानिकांच्या याद्या कशा जोडाव्यात हे सांगणारा खास कायदा आपल्याकडे नाही. कंपन्यांचं विलीनीकरण कंपनी कायदा २०१३ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मंजुरीने होतं. त्या योजनेत कर्मचाऱ्यांची नोकरी अखंड धरली जाईल आणि अटी आधीपेक्षा वाईट नसतील, अशा अर्थाचा परिच्छेद बहुधा असतो. तो शोधून वाचा. नोकरी अखंड राहणं वेगळं आणि नंबर टिकणं वेगळं, हे तो वाचल्यावर लक्षात येईल. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, परवाना, तास, विश्रांती, प्रशिक्षण यांवर नजर ठेवते, तुमच्या नंबरवर नाही.

म्हणजे आपल्याकडे नंबर ठरतो तो कंपनीच्या धोरणाने, संघटनेशी झालेल्या बोलण्याने, आणि फारच झालं तर कोर्टात.

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या तेव्हा काय झालं होतं?

हे प्रत्येक तरुण वैमानिकाने समजून घ्यावं असं प्रकरण आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१९५३ च्या राष्ट्रीयीकरणापासून एअर इंडिया परदेशी मार्गांवर आणि इंडियन एअरलाइन्स मुख्यतः देशांतर्गत मार्गांवर, अशा दोन सरकारी कंपन्या होत्या. २००७ मध्ये सरकारने त्या एकत्र केल्या. कागदावर कंपनी एक झाली. विमानांवरचं नाव एक झालं. वैमानिकांच्या याद्या, पगाराची रचना, संघटना मात्र दोनच राहिल्या. जुन्या एअर इंडियाचे बहुतेक वैमानिक इंडियन पायलट्स गिल्डमध्ये, जुन्या इंडियन एअरलाइन्सचे इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनमध्ये. विमानंही वेगळी, इकडे मोठी बोइंग, तिकडे मुख्यतः एअरबसची ए-३२० कुटुंबातली.

चार वर्षांनी, २०११ च्या एप्रिल-मे महिन्यात इंडियन एअरलाइन्सच्या बाजूच्या वैमानिकांनी समान वेतनाच्या मागणीसाठी दहा दिवस संप केला. त्यानंतर सरकारने सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली. तिने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. आणि त्याच वर्षी मे महिन्यात दुसरी बाजू उठली. नवी बोइंग ७८७ ड्रीमलाइनर येणार होती आणि तिचं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही द्यायचं ठरलं होतं. एअर इंडियाच्या फर्स्ट ऑफिसरांना कमांडसाठी जास्त वर्षं थांबावं लागायचं, त्यामुळे त्यांना हे आपल्या रांगेत कुणीतरी घुसल्यासारखं वाटलं. तो संप ५८ दिवस चालला. दिल्ली उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला, अनेकांना बडतर्फ केलं गेलं, आणि जुलैच्या सुरुवातीला वैमानिक कामावर परतले. पहिलं ड्रीमलाइनर सप्टेंबरमध्ये आलं.

लोक या प्रकरणाकडे बघून "पगारदार लाडोबांचा संप" म्हणतात. मला तसं वाटत नाही. २००७ ते २०१२ ही पाच वर्षं यादीचा प्रश्न कुणी हातातच घेतला नाही. नवं विमान यायची वेळ आली तेव्हा तो प्रश्न विमानाच्या खुर्चीवर जाऊन बसला. तोवर दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापल्या मनात आपापली यादी पक्की करून टाकली होती.

अलीकडच्या विलीनीकरणांत काय दिसलं?

टाटा समूहाने जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया घेतली. १ ऑक्टोबर २०२४ ला एआयएक्स कनेक्ट, म्हणजे पूर्वीची एअरएशिया इंडिया, एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये विलीन झाली आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात. विलीनीकरणाआधीच विस्तारात नवी वेतनरचना आली, निश्चित वेतन, म्हणजे कमी उड्डाण झालं तरी मिळणारा पगार, महिन्याच्या ७० तासांऐवजी ४० तासांवर बसवलं गेलं. वैमानिक नाराज झाले आणि एप्रिल २०२४ च्या सुरुवातीला मोठ्या संख्येने उड्डाणं रद्द करावी लागली. त्या वेळी बातम्यांत पगाराची चर्चा झाली, पण दोन्हीकडच्या वैमानिकांच्या गप्पांत कमांड कधी आणि नंबर कुठे हाच विषय होता.

अमेरिकेत हे नीट होतं म्हणतात. खरं का?

नियम आहेत, हे खरं. ते आले कसे, हे ऐका. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही तिथलीच दुसरी विमान कंपनी विकत घेतली. टीडब्ल्यूएच्या अनेक वैमानिकांना आणि तिथल्या हवाईसुंदरींना यादीत तळाला टाकलं गेलं. त्याच वर्षी ११ सप्टेंबरचा हल्ला झाला, प्रवासी घटले, कपात सुरू झाली. कपात तळापासून होते. वर्षानुवर्षं नोकरी केलेली माणसं पहिल्यांदा घरी गेली. टीडब्ल्यूएचं मुख्य केंद्र मिसुरी राज्यातल्या सेंट लुइसला होतं. त्या राज्याचे दोन सिनेटर, मॅककॅस्किल आणि बाँड, वेगवेगळ्या पक्षांचे, त्यांच्या नावाची दुरुस्ती २००७ मध्ये कायद्यात आली. याद्या न्याय्य रीतीने जोडा, जमत नसेल तर लवादाकडे जा, असं ती सांगते.

पण लवाद म्हणजे शांतता, असं नाही. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या दोन विमान कंपन्या एक झाल्या. २००७ मध्ये लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी यादी दिली. यूएस एअरवेजचे सर्वांत ज्येष्ठ ५१७ वैमानिक वर ठेवले, बाकीचे प्रमाणात मिसळले, आणि कपातीमुळे घरी बसलेले वैमानिक तळाला गेले, अमेरिका वेस्टमध्ये नुकत्याच लागलेल्यांच्याही खाली. यूएस एअरवेजच्या बाजूची संख्या जास्त होती. त्यांनी २००८ मध्ये मतदान करून जुनी संघटनाच बदलून टाकली आणि नवी संघटना जॉइनिंगच्या तारखेची मागणी घेऊन उभी राहिली. खटले वर्षानुवर्षं चालले. एकाच कंपनीचे वैमानिक ईस्ट आणि वेस्ट म्हणून वेगवेगळे उडत राहिले. २०१३ मध्ये ती कंपनीच अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली, तेव्हाही हा वाद मिटलेला नव्हता.

त्याच काळात डेल्टा आणि नॉर्थवेस्ट या अमेरिकी विमान कंपन्यांचं उलटं उदाहरण आहे. २००८ मध्ये त्यांनी विलीनीकरणाआधीच दोन्हीकडच्या वैमानिकांसाठी एकच वेतनकरार करून घेतला आणि यादीचा निकाल लवादाकडून त्याच वर्षअखेर घेतला. नाराज लोक तिथेही होते. पण पगाराचं भांडण यादीत मिसळलं नाही आणि प्रश्न कुजला नाही.

कट-ऑफ तारीख एवढी महत्त्वाची का?

पद धरून यादी करायची तर कोणत्या दिवशीचं पद? त्या दिवसाला कट-ऑफ म्हणतात. दोन्ही कंपन्यांचा जणू एका क्षणाचा फोटो काढतात आणि त्यावरून प्रमाण ठरवतात.

यात बायकांचं नुकसान होतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. गरोदरपणात आणि बाळंतपणात वैमानिक उडू शकत नाही, वैद्यकीय दृष्ट्या तात्पुरती अपात्र धरली जाते. जॉइनिंगची तारीख जात नाही, पण तास थांबतात, कमांडच्या प्रशिक्षणाची पाळी पुढे जाते. तेवढ्यात कट-ऑफ आली तर फोटोत ती फर्स्ट ऑफिसरच दिसते, जरी तिच्या बरोबरीचे सगळे कॅप्टन झालेले असले तरी. आमच्या यादीत अशा तिघी होत्या. आम्ही लेखी मागणी केली की त्यांना त्यांच्या बॅचच्या शेवटच्या कॅप्टनच्या लगेच खाली धरा. चार बैठका झाल्या, तेव्हा कुठे मान्य झालं. त्या तिघींपैकी कुणीही बैठकीला येऊ शकत नव्हती, एकीचं बाळ तर वीस दिवसांचं होतं. तुमच्या कंपनीत समिती बसली असेल तर हा मुद्दा रजेवरच्या बाईने मांडायची वाट बघू नका.

नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्याने काही फरक पडतो का?

पडतो, आणि आपल्या भागातल्या लोकांना तो थेट पडतो. दोन विमानतळ एकाच महानगरात आहेत. कंपनीने दोन्ही मिळून एकच मुंबई बेस धरला, तर आज सांताक्रूझ आणि उद्या उलवे अशी ड्यूटी लागू शकते. वेगळे बेस धरले, तर नवी मुंबईत जागा कुणाला, हे नंबरवर जाईल. नेरूळ-पनवेलवाल्याला उलवे हाकेच्या अंतरावर, तर घोडबंदरवाल्याला सांताक्रूझ बरं. विलीनीकरणाच्या कागदांत बेसची व्याख्या काय आहे ते आधी विचारा. विमानतळाजवळ म्हणून घर घेण्याआधी तर नक्कीच.

दोन्ही बाजूंचे लोक एकाच कॉकपिटमध्ये बसले की भांडण होतं का?

भांडण होत नाही. कॉकपिटच्या दारात माणूस बदलतो, हे मी अनुभवाने सांगते. चेकलिस्ट वाचताना समोरचा थोरल्या कंपनीचा की धाकट्या, हे मनात येत नाही.

पण एक गोष्ट होते. माझी ती मैत्रीण आणि मी नेरूळला एकाच सोसायटीत, ती सातव्या मजल्यावर, मी बाराव्या. यादी आल्यापासून आम्ही बोलत नव्हतो. लिफ्टमध्ये दोघी युनिफॉर्ममध्ये, दोघी मजल्याच्या आकड्यांकडे बघत. दिवाळीत फराळाचे डबे मात्र जायचे-यायचे, कारण ते माझ्या सासूबाई आणि तिची आई बघायच्या. चौथ्या वर्षी सहामाही तपासणीसाठी सिम्युलेटरमध्ये आमची जोडी लागली. तोवर दोघी कॅप्टन झालो होतो. टेकऑफला व्ही-वनच्या, म्हणजे ज्या वेगानंतर टेकऑफ थांबवायचा नसतो त्याच्या, लगेच नंतर इंजिन गेलं. तिने जे शब्द उच्चारले ते तिच्या जुन्या कंपनीचे होते. मी नव्या कंपनीच्या कार्यपद्धतीच्या पुस्तकातल्या शब्दांची वाट बघत होते. अर्धा सेकंद गेला. मग दोघींच्याही लक्षात आलं आणि पुढचं सगळं शिस्तीत झालं.

चार वर्षं नवं पुस्तक वापरूनही ताणात जुने शब्द वर आले. धोका असेल तर तो इथे आहे. म्हणून विलीनीकरणानंतर कॉलआउट (कॉकपिटमध्ये उच्चारायचे ठरलेले शब्द), चेकलिस्ट, कामाची वाटणी हे एकसारखं होईपर्यंत भरपूर प्रशिक्षण मागा, यादीच्या भांडणात ते मागे पडू देऊ नका. त्या दिवशी चहाला आम्ही पहिल्यांदा बोललो. आधी त्या अर्ध्या सेकंदाबद्दल, मग बाकीच्याबद्दल.

आणि रात्रभर यादीचा विचार करून झोप झाली नसेल तर ड्यूटीला जाऊ नका, सरळ अनफिट कळवा. त्याचा नियम आहे आणि तो याचसाठी आहे.

एवढा त्रास असेल तर सरळ दुसरी कंपनी का धरू नये?

धरता येते. पण डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाने कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. प्रशिक्षणाचा बाँड असेल तर तो वेगळा. आणि नव्या कंपनीत तुम्ही यादीत शेवटचे. रागाच्या पहिल्या महिन्यात राजीनामा लिहू नका, एवढंच सांगेन. कमांड झालेली नसेल आणि नोकरीला तीन-चार वर्षंच झाली असतील, तर विचार करायला हरकत नाही. पंधरा वर्षं झाली असतील तर टक्का काढा, वयं बघा, मग बोला.

घरच्यांनी काय करावं?

"सगळ्यांचंच झालंय" असं म्हणू नये. पहिले काही आठवडे माणूस रोज तीच यादी उघडून बघतो, बघू द्यावी. सणांचं आणि सुट्ट्यांचं नियोजन पुढची दोन वर्षं सैल ठेवावं. आणि समोरच्या कंपनीतल्या कुटुंबाशी बायका-मुलांचं येणं-जाणं असेल तर ते तोडू नये.

यादीवर हरकत कशी घ्यायची?

प्रारूप यादी आली की हरकतीसाठी मुदत देतात, बहुधा थोड्याच दिवसांची. पहिल्याच दिवशी पुढच्या गोष्टी तपासा. जॉइनिंगची तारीख नेमणूकपत्राची धरली आहे की प्रशिक्षण सुरू झाल्याची की पहिल्या उड्डाणाची, आणि दोन्ही कंपन्यांना तोच निकष लावला आहे का. दोन कंपन्या दोन वेगळ्या तारखा धरत असतील तर काही महिन्यांचा फरक पडतो आणि एका बॅचचे चाळीस लोक इकडचे तिकडे होतात. आमच्या यादीत हेच झालं होतं. मग कमांडची तारीख, बिनपगारी रजा, आजारपण, बाळंतपण, परदेशी प्रतिनियुक्ती यांचे दिवस कसे धरलेत ते बघा.

हरकत आपल्या नंबरापुरती लिहू नका, नियमाबद्दल लिहा. "माझा नंबर ८७१ ऐवजी ८४० हवा" या पत्राला कुणी उत्तर देत नाही. "कलम अमुकप्रमाणे प्रशिक्षणाची तारीख धरायची होती, माझ्या बॅचच्या सगळ्यांना पहिल्या उड्डाणाची धरली आहे" याला द्यावं लागतं. नेमणूकपत्राची, प्रशिक्षणाच्या आदेशाची, लॉगबुकच्या त्या पानाची प्रत जोडा. बॅचमधल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. पत्र ईमेलने पाठवा आणि छापील प्रत देऊन तिच्यावर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट. माझ्याकडची पोच अजून फाइलमध्ये आहे. त्या एका कागदावर आमच्या बॅचचे एकतीस नंबर सुधारले गेले.